बोलण्याचा हक्क आणि बहिष्काराची दवंडी

'विचाराला विचाराने उत्तर द्यावे' हे वाक्य आपल्या सांस्कृतिक व्यवहारात फार प्रतिष्ठा पावले आहे. परिसंवाद असो, संमेलनाचे अध्यक्षीय भाषण असो, नाहीतर वर्तमानपत्राचा अग्रलेख असो, हे वाक्य आले की टाळी पडते. आणि टाळी वाजविणाऱ्या याच समाजाला एखादे पुस्तक, एखादी कविता, फेसबुकवरच्या चार ओळी खुपल्या की 'बंदी घाला' अशी आरोळीही उठते. द्वेषाची, जातिश्रेष्ठत्वाची, धर्मयुद्धाची भाषा आज फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सॲप यांवरून खेड्यापाड्यांत पोचली आहे. तिचे करायचे काय, या प्रश्नावरची आपली सारी चर्चा या दोन वाक्यांमध्येच हेलकावे खाते आहे. ही दोन्ही वाक्ये दलितांच्या अनुभवावर घासून पाहिली तर त्यांतले काय टिकते, एवढेच येथे तपासायचे आहे.

१

'विचाराला विचाराने उत्तर' या वाक्याच्या पोटात दोन गृहीतके दडलेली आहेत. पहिले असे, की उत्तर देणाऱ्याला बोलायला जागा आहे. ज्यांनी हे वाक्य रूढ केले त्यांच्याकडे ती जागा पिढ्यानपिढ्या होती. त्यामुळे हे गृहीतक आहे हेच त्यांच्या ध्यानात येत नाही.

आपला इतिहास वेगळा आहे. १९२० च्या जानेवारीत बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला 'केसरी'ने नकार दिला. हा नकार कोणा सरकारी सेन्सॉरचा नव्हता. कायदा आडवा आलेला नव्हता. छापखान्याचे दार ज्याच्या हातात होते त्याने ते लावून घेतले, इतकेच. १९३६ साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने बाबासाहेबांना आपल्या परिषदेचे अध्यक्षपद देऊ केले, त्यांचे भाषण आधी मागवून वाचले, आणि शास्त्रप्रामाण्यावरचा त्यातला हल्ला पचेना तेव्हा फेरफार सुचविले. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असे बाबासाहेबांनी कळविले. शेवटी परिषदच रद्द झाली. हे सनातन्यांचे मंडळ नव्हते, सुधारकांचे होते! बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले आणि पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. व्यासपीठ ज्याच्या मालकीचे, शब्द त्याच्या मर्जीचा, हा धडा आपण फेसबुक जन्मण्यापूर्वी फार आधी शिकलो आहोत.

दुसरे गृहीतक असे, की शब्द म्हणजे नेहमी विचारच असतो. गावगाड्यात वाढलेल्या माणसाला हे पटणे कठीण आहे. गावात दवंडी पिटली जाते तेव्हा तिचे खंडन कोणी करीत बसत नाही. दवंडी हा हुकूम असतो. १९७२ साली पुणे जिल्ह्यातील बावडा गावी दलितांवर बहिष्कार पडला. बहिष्कार म्हणजे दुकान बंद, मजुरी बंद, वाट बंद. त्याला हत्यार लागत नाही. तो सारा शब्दांनीच घडतो. 'यांना काही देऊ नका' एवढे वाक्य पुरते.

आता तीच दवंडी खिशातल्या फोनवर वाजते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील रैनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षेसाठी फिरणारी पाच माणसे जमावाने ठार मारली. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, असा निरोप त्याआधी व्हॉट्सॲपवरून गावोगाव गेला होता. त्या निरोपाला त्या पाचांनी कोणत्या विचाराने उत्तर द्यायचे होते? कधी, आणि कोणासमोर? ज्यांना गाव नाही, ज्यांच्याकडे मुळातच संशयाने पाहिले जाते, त्यांना खुलासा करायला घटकाभराचीही सवड मिळाली नाही. विचाराला उत्तर देता येते, ते समोरचा आपल्याला माणूस मानून ऐकणार असेल तरच. म्हणून हे वाक्य खोटे नसले तरी अपुरे आहे.

२

मग 'बंदी घाला' हे वाक्य तरी आपल्या कामाचे आहे काय? सत्तेच्या हातात बंदीचे हत्यार दिले की ते कोणावर चालते, याचा महाराष्ट्रातला हिशेब समोर आहे.

१९९२-९३ च्या मुंबई दंगलीत 'सामना'मधून जे लिहिले गेले ते जगजाहीर आहे. या लेखनाने लोकांच्या भावना भडकल्या, असे न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगानेही नमूद केले. बाळ ठाकरे यांच्यावर या अग्रलेखांसाठी खटला भरावा, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात झाली. न्यायालयाने १९९४ साली ती फेटाळली, आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. पुढे जुलै २००० मध्ये अटक झाली, पण मुदत टळून गेली म्हणून दंडाधिकाऱ्यांनी त्याच दिवशी प्रकरण निकालात काढले. आता दुसरे चित्र पाहा. नोव्हेंबर २०१२ मध्ये ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. हा बंद कशासाठी, असे पालघरच्या एका तरुण मुलीने फेसबुकवर विचारले. तिच्या मैत्रिणीने त्याला नुसती पसंती दिली. दुसऱ्या दिवशी दोघींना अटक झाली. एकीच्या चुलत्याचा दवाखाना फोडला गेला. शहर पेटत असताना लिहिल्या गेलेल्या अग्रलेखांपर्यंत पोचायला कायद्याला सात वर्षे लागली आणि तरी तो पोचला नाही. एका प्रश्नचिन्हापर्यंत मात्र तो एका रात्रीत पोचला. हे कायद्याचे अपयश म्हणावे की त्याचा स्वभाव?

पालघरच्या प्रकरणातूनच पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयापुढे गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी रद्द झाले. त्या निकालाने एक मोलाची विभागणी केली. चर्चा करणे वेगळे, एखाद्या मताचा पुरस्कार करणे वेगळे आणि चिथावणी देणे वेगळे. पहिली दोन कितीही अप्रिय असली तरी ती मोकळी राहिली पाहिजेत, राज्याचा हात फक्त तिसऱ्यावर पडावा. पण दोन महिन्यांच्या आत, १४ मे २०१५ रोजी, याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेच्या प्रकरणात वेगळा सूर लावला. इतिहासातल्या आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घातली असेल तर कसोटी अधिक कडक, असे तेथे ठरले. एका निकालाने 'मला त्रास झाला' ही तक्रार बाद केली, आणि दुसऱ्याने 'माझे दैवत बाटले' ही तक्रार मागच्या दाराने आत घेतली.

येथे सारा घोटाळा 'भावना' या शब्दात आहे. भाषणस्वातंत्र्यावर कोणत्या कारणांसाठी वाजवी निर्बंध घालता येतील, त्यांची यादी घटनेच्या १९(२) मध्ये आहे. तीत सार्वजनिक सुव्यवस्था आहे, बदनामी आहे, गुन्ह्याला चिथावणी आहे. भावना नाही. भावना आली ती इंग्रजी अमदानीतल्या दंडसंहितेच्या २९५-अ या कलमातून. ते कलम १९२७ साली झाले, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळली गेली. हा योगायोग विसरण्यासारखा नाही. 'भावना दुखावल्या' हीच कसोटी धरली तर पहिले आरोपी महाडचे सत्याग्रही ठरतात. ज्याच्या भावनांना समाजात आधीच भाव आहे त्याच्याच भावना पोलीस ठाण्यात दुखावतात. वस्तीतल्या माणसाच्या भावनेची फिर्याद घ्यायला ठाणेदाराला वेळ नसतो.

१९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड, 'रिडल्स इन हिंदूइझम', प्रसिद्ध केला तेव्हा हेच घडले. राम आणि कृष्ण यांच्यावरचे परिशिष्ट वगळा, अशी मागणी झाली. मोर्चे निघाले, पुस्तक जाळले गेले. फेब्रुवारी १९८८ मध्ये दलितांचा विराट मोर्चा मुंबईत निघाला म्हणून ते परिशिष्ट वाचले. पण त्याच्या पायथ्याशी शासनाने तळटीप घातली, की या मतांशी शासन सहमत नाही. घटनाकाराच्या पुस्तकाला घटनेखालच्या शासनाने लावलेली ही शेपटी!

'अतिरेकी विचार' हा शिक्का कोणावर बसतो हेही पाहिले पाहिजे. १९७३ च्या दलित पँथरच्या जाहीरनाम्याला नक्षलवादी ठरविणारे आपल्यातच निघाले होते. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. कडव्या डाव्या संघटनांच्या बंदोबस्तासाठी ते आहे असे सांगितले गेले, आणि त्यातील बेकायदा कृत्याच्या व्याख्येत बोललेले व लिहिलेले शब्दही बसविले आहेत. गावात मोर्चा काढणाऱ्या पोराला आणि बंदूक घेतलेल्या माणसाला एकाच शब्दाने हाक मारण्याची ही सोय आहे. बंदीचे दार आपण दुसऱ्यासाठी उघडावे आणि त्यातून आपल्यालाच आत ढकलले जावे, असा हा व्यवहार आहे.

३

मग मार्ग काय? तो शोधायला दूर जावे लागत नाही. बाबासाहेबांनी शब्दांविषयीचा एक कायदा स्वतः लिहून ठेवला आहे, आणि आपल्या चर्चेत त्याचा उल्लेख फारसा होत नाही याचे नवल वाटते.

१९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या राजकीय संरक्षणाची योजना मांडली. तीत बहिष्काराचा स्वतंत्र गुन्हा आहे. १९२२ च्या ब्रह्मदेशातील बहिष्कारविरोधी कायद्यावरून तो घेतला होता. नुसता बहिष्कार टाकणाराच नव्हे, तर त्याचा प्रस्ताव जाहीरपणे मांडणारा, तो घडावा म्हणून एखादे निवेदन, अफवा किंवा वार्ता प्रसिद्ध करणारा वा पसरविणारा, आणि बहिष्काराची धमकी देणारा, असे सारेच त्यात गुन्हेगार ठरतात. अफवा हा शब्द तेथे १९३० साली आहे! रैनपाड्याला नेणारी वाट त्यांना तेव्हाच दिसली होती. पण त्याहून महत्त्वाचा आहे तो अपवाद. प्रामाणिक कामगार तंट्यात केलेली कृती किंवा धंद्यातली नेहमीची स्पर्धा हा बहिष्कार मानायचा नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. दुबळ्याला मारणारा बहिष्कार आणि दुबळ्याने पुकारलेला संप, दोन्ही वरून सारखेच दिसतात. कायद्याने आंधळे राहू नये, म्हणून हा अपवाद. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्येही त्यांनी हीच तरतूद पुन्हा मांडली.

या मसुद्यात कोणाच्या भावनेचा उल्लेख नाही. कोणत्या ग्रंथाची, पंथाची, नेत्याची प्रतिष्ठा राखण्याची भाषा नाही. प्रश्न एकच विचारला आहे: या शब्दाने समोरच्या माणसाचे जगणे बंद पडते काय? विचार मोकळा, दवंडी गुन्हा. माझ्या मते अतिरेकी भाषणाविषयी आपल्या चळवळीची भूमिका याच पायावर उभी राहिली पाहिजे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो टाळून चालणार नाही. 'अनाइहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनीच सुचविले आहे, की हिंदू धर्माचा एकच प्रमाणग्रंथ असावा, बाकीच्या ग्रंथांचे प्रामाण्य कायद्याने संपवावे आणि त्यांतील शिकवणीचा प्रचार दंडनीय ठरवावा. ही बंदीच नव्हे काय? तिची व्याप्ती फार मोठी आहे, हे मान्य केले पाहिजे. सत्ता कोणाच्या हाती आहे यावर तिचा अर्थ फिरेल. पण ग्रंथ नष्ट करण्याची ती मागणी नव्हती. ग्रंथाची सत्ता काढून घेण्याची होती. ज्यांचे प्रामाण्य संपवायचे ते ग्रंथ त्यांनी स्वतः आयुष्यभर वाचले, त्यांवर लिहिले. महाडची होळी हीदेखील एक अभिव्यक्ती होती. परदेशी कापडाची होळी करणारे कापड नष्ट करण्यासाठी ती करीत नव्हते, ते एका सत्तेला नकार देत होते. मनुस्मृती आजही दुकानात मिळते आणि मिळावी. आपल्या पोरांनी ती वाचली पाहिजे. आणि प्रत्यक्ष कायद्याचे कलम लिहायची वेळ आली तेव्हा बाबासाहेबांनी ते अरुंद आणि नेमके लिहिले, हे १९३० आणि १९४७ चे मसुदे सांगतात. नागरी हक्क संरक्षण कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने हेच सूत्र आले. अस्पृश्यता पाळण्याचे समर्थन इतिहासाच्या, तत्त्वज्ञानाच्या वा धर्माच्या आधारे केले तरी ती चिथावणी मानली जाते. ग्रंथ जागेवर राहिला, त्याचा हुकूम तेवढा गुन्हा ठरला.

४

ही कसोटी दुसऱ्याला लावायची तर आधी स्वतःला लावली पाहिजे. २०१२ साली शालेय पाठ्यपुस्तकातील शंकर यांच्या व्यंगचित्रावरून संसदेत आणि बाहेर वादळ उठले. चित्र १९४९ चे होते. त्यात घटनेची गोगलगाय, तिच्यावर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू होते. त्यातला चाबूक पाहून वेदना होणे मी समजू शकतो. वर्गात एकट्या पडलेल्या आपल्या मुलाकडे बाकीची मुले त्या पानावरून कशी पाहतील, ही भीतीही खोटी नव्हती. पण पुण्यात प्राध्यापक सुहास पळशीकर यांच्या विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली. ती आपल्या नावाने झाली. त्या दिवशी आपण 'रिडल्स' जाळणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिलो. तो चाबूक काय सांगतो, हे शिक्षकांनी वर्गात बोलावे, मुलांनी विचारावे, यासाठी आपण भांडायला हवे होते. आपण चित्र काढून टाकण्यासाठी भांडलो.

मला माहीत आहे, यावर तरुण कार्यकर्ते चिडतील. ते म्हणतील, आम्हाला रोज शिव्या खाव्या लागतात आणि तुम्ही आम्हालाच उपदेश करता? त्यांचा राग खरा आहे. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला, तो मोबाईलवर बाबासाहेबांचे गाणे वाजले म्हणून. १९७८ साली नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना जिवंत जाळले गेले. 'जय भीम' म्हणणे सोडायला त्यांनी नकार दिला होता. महाराष्ट्रात शब्दासाठी मरण आले आहे ते आपल्या माणसांना. म्हणूनच तर शब्द मोकळा राहण्याची गरज सर्वांत जास्त आपल्याला आहे.

एक उदाहरण घेऊ. राखीव जागांवर शिकणाऱ्याला 'सरकारी जावई' म्हणणारा मजकूर रोज फिरतो. तो नीच आहे. पण ते मत आहे. त्याला उत्तर आकडेवारीने, इतिहासाने आणि गरज पडली तर आपल्या खास ठसक्यात द्यावे. तोच माणूस एखाद्या मुलीचे नाव घेऊन, तिची जात काढून, चारचौघांत तिला अपमानित करतो, तेव्हा तो मत मांडत नसतो. तो तिला वर्गातून हुसकावीत असतो, आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यासाठीच आहे. आणि जेव्हा 'या वस्तीला किराणा देऊ नका', 'यांना धडा शिकवा' असा निरोप गावाच्या गटावर पडतो, तेव्हा ती दवंडी असते. तेथे तासाचाही उशीर गुन्हा आहे. २०१६ चा महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ पासून अमलात आहे. त्याखाली असा निरोप नेऊन ठाण्यात फिर्याद द्यायला आपल्यापैकी किती जण गेले?

५

राहता राहिला मालकांचा प्रश्न. शंभर वर्षांपूर्वी दार 'केसरी'च्या हातात होते, आज ते परदेशी कंपन्यांच्या हातात आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात ट्विटरचे प्रमुख भारतात आले असता एका दलित कार्यकर्तीने त्यांच्या हाती ब्राह्मणी पितृसत्ता मोडा, असे सांगणारा फलक दिला. छायाचित्र प्रसिद्ध झाले, कोल्हेकुई झाली, आणि कंपनीने ही आमची भूमिका नव्हे म्हणत माफी मागितली. 'रिडल्स'ची तळटीप तीस वर्षांनी इंग्रजीत परत आली! २०२० साली अमेरिकी वर्तमानपत्राने उघड केले, की तेलंगणातील एका आमदाराच्या द्वेषपूर्ण मजकुरावर फेसबुकने धंद्याच्या हिशेबाने कारवाई टाळली होती. आणि शासन जेव्हा कलम ६९-अ खाली मजकूर अडविते तेव्हा २००९ च्या नियमांनी ते सारे गुप्त ठेवायचे असते. एका बाजूला नफ्याचा हिशेब, दुसऱ्या बाजूला बंद पाकीट. यांच्यापैकी कोणाकडेही 'द्वेषाचा बंदोबस्त करा' अशी मोघम मागणी घेऊन जाणे म्हणजे आपल्या हाताने कोरा कागद सही करून देणे.

आपल्या मागण्या नेमक्या हव्यात. मजकूर अडविला तर आदेश लेखी, सकारण आणि उघड असावा, म्हणजे त्याला न्यायालयात आव्हान देता येईल. बहिष्काराची, हिंसेची, वस्तीचे वा कुटुंबाचे नाव घेऊन दिलेली दवंडी ताबडतोब थांबावी, आणि ती देणारा आमदार असो की सरपंच, त्याच्यावर खटला उभा राहावा. मराठीतली आणि बोलींतली जातीची शिवी ज्याला कळते असा माणूस त्या दारावर बसवा. 'जावई' या शब्दात काय विष भरले आहे ते यंत्राला कळत नाही. आणि मतासाठी, कितीही कडवे असले तरी, कोणाला तुरुंग नको.

यात धोका नाही असे नाही. मत आणि दवंडी यांमधली रेघ प्रत्येक वेळी ठळक नसते. रोज कालवलेल्या विषातूनच एक दिवस दवंडी निघते, हेही खरे. पण ती रेघ कोठे ओढायची हे ठरविण्याचा अधिकार आजवर ज्यांच्याकडे होता त्यांनी ती नेहमी आपल्या वस्तीतूनच ओढली. म्हणून ती कोठे ओढावी या वादात आपण असले पाहिजे, आणि त्या वादात बोलायचे तर बोलण्याचा हक्क आधी शाबूत हवा. ज्यांच्या पत्राचे नावच 'मूकनायक' होते, त्यांच्या वारसांनी कोणालाही मुके करण्याची मागणी फार जपून करावी. दवंडीवाल्याच्या हातातली हलगी मात्र काढून घेतलीच पाहिजे.